डालग्यावर वाळवलेली रेकॉर्ड

लोणावळ्यात श्रावणात दोरीवर कपडे वाळत नाहीत, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस माझ्या माहेरी तळेगावातही असतो, पण तो माणसात असतो. इथे लोणावळ्यात, वलवणच्या आमच्या दोन खोल्यांत चपलांना बुरशी, पोळपाटाला बुरशी, शालूच्या घडीलासुद्धा बुरशी. शेजारच्या मावशींनी पहिल्याच पावसाळी आठवड्यात मला धडा दिला. शेगडीत चार निखारे, त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं उपडं, आणि डालग्यावर जे ओलं असेल ते.

"लुगडं घाल, उशी घाल, पोथी घाल. समदं वाळतं," मावशी म्हणाल्या.

हे 'समदं' मी जरा जास्तच मनावर घेतलं.

माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे ह्यांच्याकडे, सात रेकॉर्डी होत्या. सगळ्या विलायती, सगळ्या रॉक. मुंबईच्या जुन्या बाजारात फिरून फिरून जमवलेल्या. हे तळेगावला एका कारखान्यात कामाला. संध्याकाळी आले की चहा घेत, रेकॉर्ड लावत आणि आवाज इतका बारीक ठेवत की कान प्लेअरच्या खोक्याला चिकटवून बसावं लागे. माझ्याशी बोलणं जेवढ्यास तेवढं. 'आमटी छान झालीय', 'उद्या लवकर जायचंय', संपलं. मी त्या गप्प बसण्यालाच घाबरायचे. माझ्या वडिलांचा हात लवकर उठायचा. आईच्या पायाखाली एकदा त्यांच्या चष्म्याची काडी मोडली, तर वाढलेलं ताट अंगणात गेलं आणि त्यामागून आई. वडीलही ओरडण्याआधी असेच गप्प असायचे. सासरी पाठवताना आईने एकच सांगितलं होतं, "त्यांच्या वस्तूंना हात लावू नकोस."

मी हात लावला. घर दिवसभर रिकामं, बाहेर धो धो पाऊस, किती वेळ तांदूळ निवडणार? दुपारी दाराला कडी घालून मी रेकॉर्डी लावायला लागले. बँडची नावं उच्चारायची पंचाईत, म्हणून वेष्टनावरच्या चित्रांवरून मीच त्यांचं बारसं केलं. छत्रीवाले, दाढीवाले, घोडेवाले. छत्रीवाल्यांची रेकॉर्ड अख्खी चांगली, एक गाणं टाकाऊ नाही. दाढीवाल्यांचं एकच बरं, बाकी नुसती आदळआपट. त्यांचा गिटारवाला एकदा सुरू झाला की घरी जायचं नाव घेत नसे.

पण घोडेवाले! त्यांच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं. आधी नुसता ढोल, गोधडी बडवावी तसा, आणि मग तो माणूस. तो गायचा कुठे, भांडायचाच. मी मॅट्रिक होते, पण त्याचं इंग्रजी मला चार आणे कळायचं. चीड मात्र सोळा आणे कळायची. कुणाच्या बापाला न भिता इतक्या मोठ्यानं ओरडता येतं, हे मला माहीतच नव्हतं. ते गाणं मी रोज ऐकायचे. ऐकून झालं की फडक्यानं सगळं पुसून जिथल्या तिथं ठेवायचे, चोरासारखी.

एका गुरुवारी हे म्हणाले, "रविवारी पुण्याहून माझा मित्र येतोय. रेकॉर्डी काढून ठेवायच्यात." का, ते मी विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी घोडेवाले बाहेर काढले, तर पहिल्या बाजूवर, जी मी कधी लावत नसे, पांढरी बुरशी. मित्रासमोर हे दिसलं तर? मी ती रिठ्याच्या पाण्यानं हलक्या हातानं धुतली, पुसली, आणि खाचांत ओल राहायला नको म्हणून डालग्यावर ठेवली. वर एक पंचाही पांघरला. भाताला आधण ठेवून येईपर्यंत तिच्या कडा खाली लवल्या होत्या. उन्हात टाकलेल्या केळीच्या पानासारखी मलूल झाली होती ती.

मला ओरडताही येईना. तशीच धावत मावशींना बोलावून आणलं.

"अगं बया! ह्ये काय, पापड हाय व्हय?" त्यांनी रेकॉर्ड हातात घेऊन उलटसुलट केली. "पाट्याखाली दाब. सरळ झाली तर झाली, न्हाई तर न्हाई. नवरा मारतो का गं तुला?"

"अजून नाही," मी म्हटलं. ते 'अजून' ऐकून मावशींनी स्वतःच पाटा उचलला.

वर्तमानपत्रात गुंडाळून रेकॉर्ड पाट्याखाली ठेवली. शनिवारी काढली तर मध्यभाग सपाट, कड मात्र तशीच नागमोडी. वेष्टनात घालून ती मी सातांच्या तळाला सरकवली. रात्री जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं, "बरं नाही का?" मी मान हलवली, हो की नाही ते माझं मलाच ठाऊक नाही.

रविवारी मित्र आला. बरोबर मोठी रिकामी पिशवी. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आले तेव्हा हे रेकॉर्डींचा गठ्ठा त्याच्यापुढे सरकवत होते.

"सगळ्या ने," हे म्हणत होते. "हिला हा गोंगाट सोसत नाही. रेकॉर्ड लावली की चेहरा बघवत नाही हिचा."

मित्र माझ्याकडे बघून हसला. "वहिनी, सुटलात तुम्ही."

खरंच सुटले होते! गठ्ठा पिशवीत जाणार, पिशवी पुण्याला. वाकडी रेकॉर्ड तिथे निघणार, आणि दोष वाटेतल्या प्रवासावर जाणार. मी फक्त चहा ठेवून आत जायचं होतं. एवढंच. मित्रानं पिशवीचं तोंड उघडलं. दाढीवाले गेले, छत्रीवाले गेले. तळातले घोडेवाले त्यानं उचलले, आणि उद्याची दुपार माझ्या डोळ्यांपुढे आली. कडी, पाऊस आणि तांदूळ.

"नका देऊ," मी म्हटलं. "ती वाकडी झालीय. मीच वाकवली, डालग्यावर. मी रोज लावते, तुम्ही गेल्यावर."

हे उठले. मी डोळे मिटून घेतले आणि मान आपोआप खाली गेली, आईची जायची तशी. काही झालं नाही. डोळे उघडले तर ह्यांनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला होता.

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?" ह्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी तीन महिने तुला भीत भीत ऐकतोय. कुठलं आवडतं तुला?"

"दुसरी बाजू. पहिलं."

ह्यांनी घोडेवाले लावले. सुई कडेवर खालीवर झाली, तीनदा उडाली, ढोल गाळूनच पुढे गेली, आणि एकदाचा तो भांडायला लागला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि आवाजाचं बटण, लग्नापासून जे मी कधी दोनच्या पुढे गेलेलं पाहिलं नव्हतं, ते पार शेवटपर्यंत फिरवलं.