न हरवलेली म्हैस

मंडळी, वाचून झालं की ही चिठ्ठी आगगाडीनं खोपोलीच्या दोस्तांकडे धाडा.

दसऱ्यानंतर ढाकपासून भीमाशंकरापर्यंत गवताळ पठारांवरून चालत जायचं आपलं ठरलंय, पण वर मुक्कामाची सोय होत नव्हती. आज कर्जतच्या बाजारात त्यातल्याच एका पठारावरून लोणी विकायला आलेली धनगरांची सखूमावशी भेटली. तिलाच मुक्कामाचं विचारलं.

"कशापायी येताय रं? ढोर हरवलं काय?"

"नाय मावशी. नुसतं गवत बघायचंय."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "खाली गवत नाय व्हय?"

मी ओशाळून हसलो. तेव्हा तिनं आवाज खाली आणला. "म्हस गेली ना? लाजतोस कशाला रं? कुणाची बी जाते. आमच्या घरी उतरा. दूधभाकर हाय. आमी समदी हुडकू."

मी नाही म्हणेपर्यंत टोपली डोक्यावर घेऊन ती निघालीसुद्धा.

आता अख्खा धनगरवाडा आपली म्हैस शोधणार. मला दिवसभर हसू आवरत नाहीये. वर जायला लोकांना कारण लागतं. आपल्याकडे ते नव्हतं, मावशीनं दिलं. मुक्काम, जेवण, वाट दाखवणारे, सगळं त्याच्यासोबत आलं.

फक्त तिथं पोचल्यावर म्हशीची खूण विचारतील. म्हणून लगेच कळवा, शिंगं सरळ सांगू की वाकडी?