मलावीहून आलेली अर्धी पेन्सिल

पाकिटातून अर्धी पेन्सिल घरंगळली, तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

पण सावध होणं वेगळं आणि दचकणं वेगळं! मी दचकले. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मुलगी मी. पेन्सिल टेबलावरून खाली पडली, मी टुणकन उडाले, आणि मग "अगं बाई, किती गोड!" म्हणून ती उचलून देवघरात ठेवली. तासलेली, मधोमध तोडलेली, टोकाला दातांच्या खुणा असलेली अर्धी पेन्सिल. देवघरात!

आता हसू नका. चहा घ्या, ऐका, आणि हसायचं ते शेवटी एकदाच हसा.

तर पेन्सिल आली होती मलावीहून. आफ्रिकेतला एक लहानसा देश आहे. आणि मी कोण? गोंदियाजवळच्या कुडव्यातली शुभांगी. एम.ए. झालेली, एका शाळेत क्लार्क. मागच्या वर्षी नागपूरला एका प्रदर्शनात गेले होते. तिथं एका संस्थेच्या स्टॉलवरच्या ताई म्हणाल्या, "एका मुलीच्या शाळेची जबाबदारी घ्याल का?" मला 'नाही' म्हणता येत नाही हो. भाजीवाला "ताई, कारली घ्या" म्हणाला की मी कारली घेते. आमच्याकडे कारली कोणी खात नाही.

टेबलावर मुलांचे फोटो मांडलेले होते. सगळी हसत होती. एकटीच मुलगी, असेल दहा-अकरा वर्षांची, कॅमेऱ्याकडे पाहून चांगलीच दचकलेली. मी म्हटलं, हीच! ही आपल्यातली आहे.

तिचं नाव चिकोंडी. माझ्या पगारातून तिची फी, वह्या, गणवेश असं ठरलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींना पत्रं लिहायची असंही ठरलं. घरी येऊन भीतभीत सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही. "पोरगी शिकून राहिली ना? मंग चांगलंच केलंस."

सगळं छान चाललं होतं. मग संस्थेकडून ते नियमांचं पत्रक आलं.

'पत्रात दागिने, गाड्या, मोठे घर, महागडे खाणे यांचा उल्लेख टाळावा. मुलांच्या मनाला लागेल असे काही लिहू नये.'

नियम साधाच होता. पण मी कशी, तर 'रांगेत उभे राहा' अशी पाटी दिसली आणि रांग नसली, तरी एकटी जाऊन रांगेत उभी राहणारी. त्या चिमुरड्या जिवाच्या मनाला आपल्यामुळे काही लागलं तर? या विचारानं मी दोन दिवस घाबरून होते. मग पहिलं पत्र लिहिलं आणि हातात लाल पेन घेऊन त्यातला श्रीमंतीचा कणन् कण खुडून काढला.

मूळ पत्रात होतं, 'माझ्या बाबांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, म्हणून ते मोटारसायकल घरी ठेवून सायकलनं दुकानात जातात.' डॉक्टर म्हणजे खर्चिक, कापा. मोटारसायकल तर कापाच. दुकान आपलं स्वतःचं, बापरे, कापा! उरलं काय? 'माझे बाबा रोज सायकलनं कामाला जातात.'

'आई सोमवारी आणि गुरुवारी उपास करते, तेव्हा साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याचे लाडू आणि केळी खाते.' एवढे पदार्थ? त्या पोरीला काय वाटेल? कापा. उरलं, 'आई सोमवारी आणि गुरुवारी जेवत नाही.'

आणि उन्हाळ्यात सालेकसाकडं मामाच्या गावी गेलो होतो, पहाटे हौसेनं सगळे जंगलात मोहफुलं वेचायला गेलो होतो, ते लिहिलं. त्यातली मामाची जीप कापली. हौसही कापली. हौस म्हणजे श्रीमंतीच की!

एक अक्षर खोटं नव्हतं बरं का. खोटं मला जमतच नाही. प्रश्न आला की खरं उत्तर आधी तोंडातून बाहेर पडतं, अक्कल मागून येते. संस्थेच्या ताईंचा तर फोन आला, "शुभांगीजी, आपका लेटर एकदम आदर्श है, बाकियों को दिखा रहे हैं." मी आठवडाभर हवेत!

त्या आदर्श पत्राचं उत्तर म्हणजे ती अर्धी पेन्सिल. चिकोंडी तिच्या भाषेत लिहायची, आणि खाली तिच्या मुख्याध्यापिका इंग्रजीत उतरवून द्यायच्या. लिहिलं होतं, 'माझ्याकडे एक पेन्सिल होती. अर्धी तुझी.'

मला वाटलं, त्यांच्याकडं मैत्रीची अशी रीतच असेल. आपण नाही का तिळगूळ देत! मी लगेच उत्तर लिहिलं, 'पेन्सिल मिळाली. मी ती जपून वापरेन, वाया घालवणार नाही.' आणि सोबत फोटो जोडला.

फोटो निवडायला मला एक रविवार लागला. चुलत बहिणीच्या लग्नातला, लेहंगा, गजरा? छे! शाळेच्या गॅदरिंगमधला, मागे एवढा मोठा स्टेज? नको. शेवटी मामाच्या शेतातला रोवणीचा सापडला. धानाची रोपं लावायला मीही बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरले होते. गुडघाभर चिखल, अंगात बाबांचा जुना शर्ट, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, आणि शेजारी तशाच अवतारात आई. कोपऱ्यात मामाचा नवा कोरा ट्रॅक्टर तेवढा आला होता. तो कापला.

मामाला फोटो पाठवून दाखवला तर मामाचा ताबडतोब फोन.

"माहा ट्रॅक्टर कोठी गेला वं?"

"मामा, नियम आहे."

"कोनता नियम? मीच त्याले फोटोत यावं म्हनून तिथं उभा केलता! तुले चिखल चालते अन् माहा ट्रॅक्टर नाई चालत?"

मामा अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण ऐका पुढं.

दुसरं पत्र आलं, जाडजूड. अख्ख्या वर्गानं चित्रं काढून पाठवली होती. सगळ्या चित्रांत मी. ओळखू आले मी, डोक्यावर पोतं होतं ना! आणि प्रत्येक चित्रात माझ्यापुढं ताट, ताटात खाण्याचा डोंगर. एका चित्रात तर अख्खी कोंबडी. चिकोंडीनं विचारलं होतं, 'शेताचा मालक तुम्हाला विश्रांती देतो का? तो रागीट आहे का?'

मालक म्हणजे मामा. त्या दिवसांत तो रागीटच होता. मी खरं ते लिहिलं. 'हो, सध्या फार रागावलेला आहे. पण आमची सवय झालीय. तू काळजी करू नकोस, आम्ही आनंदात आहोत.'

आहे की नाही मी थोर? तुम्हाला कळलं असेल काय चाललंय ते. मला? एम.ए.ला? छे!

कळलं ते तिसऱ्या पत्रानं. शनिवारी दुपारी शाळेतून आले, पाकीट फोडलं, आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले.

'प्रिय शुभांगी, मी ठरवलं आहे. ही सत्र परीक्षा झाली की मी शाळा सोडते. मग माझ्या शाळेला येतं ते सगळं तुझ्याकडेच राहील, तुझी आई सोमवारीही जेवेल, आणि तुला त्या मालकाकडे जावं लागणार नाही. मी मॅडमना सांगितलं आहे. मला वाचता येतं आता, तेवढं पुरे. तुझी चिकोंडी.'

मी जी रडायला लागले ती थांबेचना. आई धावत आली.

"काऊन रडून राहिली वं? कोन गेलं?"

मी पत्र वाचून दाखवलं. आईनं पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाली, "तू का लिवलं होतंस तिले? वाच."

माझ्या पत्रांच्या नकला फायलीत लावलेल्या होत्या, तारीखवार. क्लार्क ना मी! एकेक वाचत गेले. सोमवार-गुरुवार आलं आणि आईचा आवाज चढला.

"मी उपाशी? मी? दोन वाट्या साबुदाना खातो मी सोमवारी! वरून लाडू!"

"ते महागडं खाणं आहे ना आई, म्हणून कापलं..."

तेवढ्यात बाबा दारात सायकल लावून आत आले. त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ सायकलकडं बघत राहिले. "म्हंजे आफ्रिकेत माही इज्जत हेच का? शुगरपायी मी पैडल मारतो, अन् तिकडं पोरं माह्यासाठी रडून राहिली?"

"हसायले सुचते तुमाले!" आई त्यांच्यावर ओरडली. बाबा हसत नव्हते, पण आईला कोणावर तरी ओरडायचं होतं. मग माझ्याकडं वळली. "हे पाय, ते लेकरू तुह्यापायी शाळा सोडून राहिलं. पत्र लिवत बसू नको. फोन लाव."

फोन! मला गॅसच्या नंबरला फोन करायचा तरी आधी कागदावर लिहून काढावं लागतं. पण लावला. संस्था शनिवारी दुपारनंतर बंद. रविवारी बंद. परीक्षा कधी संपते तेही माहीत नाही. पत्र निघून किती दिवस झाले असतील? पोरीनं दप्तर परत केलंही असेल. दोन दिवस मला डोळ्यांसमोर तेच दिसत होतं. दचकलेली ती मुलगी, हातात अर्धी पेन्सिल घेऊन, शाळेच्या फाटकाबाहेर चाललेली.

सोमवारी रजा टाकली. आई म्हणाली, "आज माह्यासंग तूबी उपास धर. फोन लागेपावतर तोंडात काई घालू नको. पोरीसाठी आहे." मी धरला. चहासुद्धा नाही.

दहाला संस्था उघडली. "मॅडम, आप चिट्ठी लिखिए, छह हफ्ते में पहुँच जाएगी."

"चिठ्ठीनंच झालंय हो सगळं!" मी किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणावर किंचाळले आणि लगेच "सॉरी, सॉरी" म्हटलं. त्या ताई घाबरल्या असाव्यात. त्यांनी आत विचारून मुख्याध्यापिकांचा नंबर दिला.

लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. बंद. सहाव्यांदा लावल्यावर बाबा घड्याळाकडं बघत म्हणाले, "तिकडं किती वाजले असतील?" पाहिलं, तर पहाटेचे साडेसहा! मी एका मुख्याध्यापिकेला अंथरुणातून उठवायला निघाले होते.

मग थांबले. बारा वाजले. पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, सभा भरवून बसले होते. आई देवापुढं. बाबा दुकानात न जाता माझ्याभोवती फेऱ्या मारत. मी कागदावर इंग्रजीत वाक्यं लिहिली, पाठ केली, घाम पुसला आणि लावला.

वाजला. एकदा. दोनदा. पाचदा.

"हॅलो?" बाईचा आवाज. जाडसर, शांत.

पाठ केलेलं सगळं उडालं! मी एका दमात इंग्रजीत सुटले, "मॅडम मी शुभांगी, इंडियाहून, चिकोंडीची, प्लीज तिचं नाव काढू नका, मी गरीब नाहीये, माझ्या मामाकडे ट्रॅक्टर आहे!"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "शुभांगी, बाळ, आधी श्वास घे. चिकोंडीचं नाव मी काढलेलं नाही, आणि काढणारही नाही. नाव काढा म्हणत ती इथंच माझ्या टेबलाजवळ उभी आहे."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आईनं खुणेनं विचारलं, मी मान हलवली, आईनं देवाला हात जोडले.

"तिला तुझ्याकडून फक्त एक गोष्ट ऐकायची आहे," मॅडम तिच्याशी दोन शब्द बोलून म्हणाल्या, "तेवढी ऐकली की ती वर्गात जाईल. अख्खा वर्गच दाराशी येऊन उभा आहे."

"हो मॅडम! विचारा ना मॅडम! काहीही विचारा!"

"आज सकाळपासून तू काही खाल्लंस का?"

सांगितलं ना तुम्हाला, खरं उत्तर आधी बाहेर पडतं.

"नाही, मॅडम," मी म्हटलं. "आज सोमवार आहे ना."