मावशीच्या फोनमधलं कौतुक

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. भर अमावास्येला नवा कुकर विकत आणणारा माणूस आहे मी... त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

आम्ही नाशिकला, द्वारका सर्कलच्या मागच्या बाजूला राहतो. आई गेल्या वर्षी गेली. तिनं मला तोंडावर कधी चांगलं म्हटलं नाही. आमच्याकडे पद्धतच तशी — पोराचं कौतुक त्याच्यादेखत केलं तर आईचीच दृष्ट लागते म्हणे. मला आलेले तिचे व्हॉइस मेसेज म्हणजे नुसत्या शिव्या. "गॅस बंद केलास का, येड्या?" तेही जपून ठेवलेत.

दिवाळीत एकलहऱ्याची मावशी आली. म्हणाली, "सुरेश, ताई मला तुझ्याबद्दल लय बोलायची. माझ्या फोनात हाय सगळं. तुला कळू देऊ नको म्हणायची... पण आता काय!"

मी फोन ताब्यातच घेतला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे (हे मी कोणी न विचारताही सांगतो). त्यावर क्लाउडचं सिंक लावलं — एकच फोल्डर, लॅपटॉपवर, मावशीच्या आणि घरातल्या सगळ्या फोनवर सारखं. त्यात मावशीकडची रेकॉर्डिंग टाकली, माझ्या शिव्याही टाकल्या. सगळं चढल्याची हिरवी खूण आली. एक लावून बघितलं. "माझा सुरेश ना..." एवढं ऐकलं आणि बंद केलं! एकट्यानं काय ऐकायचं? रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावून स्पीकरवर ऐकवू. सासुरवाडीच्यांना तर मुद्दाम.

रविवारी जेवणं झाली, मी ऐटीत फोल्डर उघडलं. शिव्या जागच्या जागी. कौतुक साफ गायब! क्लाउडवर नाही, ट्रॅशमध्ये नाही, मावशीच्या फोनवरही नाही. एका ठिकाणी काढलं की सगळीकडून जातं, आणि ही सोय मीच लावलेली.

मी बायकोकडे बघितलं.

"अहो, माझ्याकडे काय बघताय? तुमचा तो लॅपटॉप मला चालू तरी करता येतो का?"

सिंकच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक फाइलीपुढे तेच — काढलं: आईचा फोन.

तो फोन कपाटात होता. बॅटरी फुगली म्हणून मीच काढून टाकलेली. तिचं अकाउंट दुसरीकडे उघडं असेल म्हटलं, तर तेही नव्हतं. ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "सर, असं होऊच शकत नाही." अरे, झालंय तेच तर दाखवतोय!

खरं सांगू? भीती नाही वाटली. फसवल्यासारखं वाटलं. जिवंतपणी नाही ते नाही, गेल्यावरही ऐकू देऊ नये? आणि शिव्या तेवढ्या मागे ठेवायच्या?

एकलहऱ्याला परतलेल्या मावशीला फोन लावला, झालेलं सांगितलं. "तू तरी सांग, काय म्हणायची आई?"

ती म्हणाली, "तुझ्या तोंडावर नको रे बाबा. सूनबाईला दे."

बायको फोन घेऊन गॅलरीत गेली. बराच वेळ "हो का?... खरंच?" चाललं होतं. मध्येच तिनं ओढणीनं डोळे पुसले. आत आली.

"काय म्हणाली?"

"काही नाही." माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "कोथिंबीर आणायची विसरलात ना परत?"

फाइली कशा गेल्या, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. खरं तर आता ते नकोही आहे. त्यांत काय होतं एवढंच हवंय... आणि ही सांगत नाही.