जास्वंद, घंटा आणि ताईची गोळी

आपले कोण आणि परके कोण, हे जाणण्याचे ज्ञान देहाला उपजतच असते, असे म्हणतात. वाक्य भारदस्त आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या देहाला मात्र कुणी ते कळवलेले दिसत नाही.

पहाटेच्या ओल्या उजेडात कुंपणापाशी उमललेली जास्वंद पाहिली, की मला ताईच्या गालांवर एके काळी उठलेली लाली आठवते. तिच्या रक्तातले रक्षक तिच्याच सांध्यांवर चालून गेले होते. गोळ्यांनी ते शमले. मध्यंतरी तिने परस्पर गोळी सोडली, तेव्हा मनगटे अशी सुजली की बांगडी चढेना. आता पुन्हा बरे वाटते आहे, आणि परवा तिने जाहीर केले, "झाले मी बरी. उद्यापासून गोळी बंद."

माझी मुलगी मृणाल प्रयोगशाळेत याच रक्षकांचा, म्हणजे बी पेशींचा, अभ्यास करते. "आत्या, थांब जरा," म्हणून तिने जे सांगितले, त्याने मीच थक्क झालो. प्रत्येक बी पेशीजवळ नेमकी एकच आकृती ओळखणारी स्वतःची नजर असते. आणि शिवाय एक पुरातन, जन्मजात घंटा. घंटेला व्यक्ती कळत नाही, फक्त धोक्याची जात कळते. नजरेला ओळख पटली आणि त्याच वेळी घंटाही वाजली, तर पेशीचे प्राक्तन पालटू शकते: एरवी जी गप्प राहिली असती किंवा मिटून गेली असती, ती वाढते, प्रतिपिंडांचा कारखाना होते, नाहीतर आठवण जपत बसते. केवढे हे नियतीचे दार, आणि बिजागरी केवढीशी!

"पण माझ्यावरच का वाजते मेली?" ताईने विचारले.

मेलेल्या पेशींतले गुणसूत्रांचे तुकडे, मृणाल म्हणाली, कधी भलत्या जागी सापडतात. माल आपलाच, जागा चुकीची. घंटा जागा पाहते.

मला आमचे सेक्रेटरी आठवले. कात्रजच्या आमच्या सोसायटीत पहाटे जास्वंदी चोरीला जात, म्हणून त्यांनीच सभेत आवेशपूर्ण भाषण करून कुंपणाला हालचाल टिपणारी घंटा बसवून घेतली. तिसऱ्याच पहाटे ती कडाडली. माकडटोपी, हातात पिशवी, पिशवीत फुले, एवढी ओळख वॉचमनला पुरली. त्याने दंडच धरला.

"अहो, मी सेक्रेटरी आहे!"

"असाल. पण झुडपात काय करताय?"

"देवासाठी नेतोय!"

"देवाने पिशवी दिली होती का?" हा प्रश्न गॅलरीतून आमच्या ताईचा होता.

रक्षणाची व्यवस्था चोख होती. दोन्ही खुणा जुळल्या होत्या, आणि सापडला तो घरचाच माणूस. देहाला तरी यापेक्षा वेगळा न्याय कुठून सुचावा? घंटा काढून टाकावी, तर खरा चोर मोकळा. मग उपाय काय? ताईची गोळी मुळात हिवतापाची. मृणालच्या मते ती इतर कामांबरोबर हेही करते, की घंटेवर जणू मऊ कापड गुंडाळते. रक्षक जागा राहतो, नाद मंदावतो.

ताईने रिकाम्या मनगटाकडे पाहिले. "म्हणजे मी बरी झालेली नाही. घंटा गप्प आहे, इतकेच."

बरे वाटणे आणि बरे असणे यांतले अंतर सांगायला भारदस्त वाक्ये पुष्कळ आहेत. त्यांतले एकही तिला तोंडावर म्हणण्यासारखे नव्हते.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडत नाही," ती शेवटी म्हणाली, आणि जेवणानंतर तोंड वाकडे करून तिने गोळी गिळली.

आज पहाटे कुंपणावरची जास्वंद सगळीच्या सगळी जागेवर होती. सेक्रेटरी हल्ली शेजारच्या सोसायटीत जातात. तिथे अजून घंटा नाही.