चपला बघणारे मिस्त्री

वसई तालुक्यात डॉक्टर पुष्कळ झाले, पण रोग्याला हात न लावता निदान करणारा धन्वंतरी एकच झाला, आणि तो मोटारींचा होता. आमच्या आळीच्या टोकाला, चर्चच्या मागे त्याचं गॅरेज. गॅरेज म्हणजे एक आंबा आणि एक खाट. बॉनेट आधी उघडणं मिस्त्रींना असभ्यपणाचं वाटे. "चालवणाऱ्याचं पायताण दाखवा," म्हणत. एकदा खुद्द फादरांना त्यांनी भर रस्त्यात जोडे काढायला लावले, तळ निरखले आणि म्हणाले, "फादर, प्रवचन तुमी सावकाश करता, ब्रेक मात्र घाईत मारता." नाक तर असं, की विरारात कुणाचा क्लच जळला तर पाचूबंदरला बोंबलांच्या राशीत उभं राहून त्यांना कळे. हे सांगणारा मीच आहे, तेव्हा खरंच असावं.

आमच्या आबांनी बैलजोडी चांदीपच्या एका शेतकऱ्याला विकून लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली, तेव्हा अख्खी आळी हसली होती. वाडीतली केळी ती विरार स्टेशनावर पोचवायची खरी, पण दर दोन महिन्यांनी एक क्लचप्लेट खायची. एवढा खुराक बैलांनीही कधी मागितला नव्हता. विरारच्या कारागिरांनी तेलाचं सील बदललं, स्प्रिंगा बदलल्या, पेडलचा ढिलेपणा बोटांनी मापून दिला. प्लेट आपली जळतेच. चौथी बसवली त्या दिवशी आबा ताटावर म्हणाले, "ही गेली की गाडी भंगारात. हसू दे आळीला." आणि अर्ध्या भाकरीवर उठले. मी तडक मिस्त्रींना गाठलं.

ते आले, तशी आळीही आली. मिस्त्रींनी आबांच्या चपला उलट्या केल्या. उजवी ठणठणीत, डावी चवड्याखाली पापडासारखी. "आबा, एक फेरी मारा," म्हणून ते शेजारी बसले, मी मागे. रस्ता सरळ, गिअर बदलायचं कारण नाही, तरी आबांचा डावा पाय क्लचवरच. नुसता ठेवलेला नव्हे, हळूच दाबत होता, सोडत होता.

"आबा, डाव्या अंगाला कुठला बैल जुंपायचात?"

"पवळ्या."

"पाय त्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून हाकायचात ना?"

आबांनी जीप कडेला घेतली. डावा पाय पेडलवरून उचलून धरला. अर्धवट दाबलेल्या क्लचमध्ये प्लेट घसरत, घासत जळते, एवढं मलाही कळलं होतं.

परत आलो तर आळी तिथंच. "काय मिस्त्री, खोट गाडीत की गाडीवानात?" एकानं काडी टाकलीच.

"गाडीत," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "बनवणाऱ्यानं डाव्या पायाला जागाच नाय ठेवली." ह्या एका खोट्याची कबुली त्यांनी रविवारी फादरांना दिली असणार. मग त्यांनी क्लचच्या डावीकडे लाकडाचा ठोकळा बसवला, वर गोणपाट गुंडाळलं आणि आबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "हा घ्या तुमचा पवळ्या."

ती प्लेट पाच वर्षं टिकली. आळी हसायची थांबली, नंतर केळी लादायला आमच्याच दारात येऊ लागली. पवळ्याची गोष्ट मिस्त्रींनी मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही.

त्यांच्या मातीला आबा जीप घेऊनच गेले. कबरस्तानच्या फाटकाशी त्यांनी चपला काढल्या आणि, मला वाटलं चुकून, उलट्या करून ठेवल्या. दोन्ही तळ सारखेच झिजलेले होते.