सुट्टीतला लायब्ररीचा तास

आमच्या पनवेलच्या शाळेत त्यांना सगळे ‘लायब्ररीच्या बाई’च म्हणतात, नाव विचारायचं मलाही कधी सुचलं नाही. त्या मुद्दाम हळू आवाजात वाचतात, म्हणजे वांड पोरंसुद्धा ऐकायला पुढे सरकतात. चित्र आलं की पुस्तक पोरांकडे वळवून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवतात. आम्हा शिक्षकांशी एकदम शुद्ध बोलतात, पोरांशी मात्र स्वतःच्या कोन गावच्या बोलीत. ऐन रंगात पुस्तक मिटतात. ‘‘फुडचं तुमी वाचा.’’ आणि पोरं त्या पुस्तकासाठी भांडतात.

मे महिन्यात निकालाच्या कामाला शाळेत गेले. वर्ग ओस पडले होते, पण लायब्ररीतून बाईंचा आवाज येत होता. दारातून पाहिलं तर बाकांवर कुणीच नव्हतं. त्यांनी चित्र डावीकडून उजवीकडे फिरवलं, पोरांचं हसू ओसरेपर्यंत थांबावं तशा थांबल्या, मग मला पाहिलं.

‘‘सरका रं पोरांनो, बाईंना बसू द्या.’’

मला हसू येत होतं. पण त्या पान उलटेनात, माझ्यासाठी थांबून राहिल्या.

मी विज्ञान शिकवते. तरी आत जाऊन बसले. बाकाच्या अगदी कडेला, कुणाला धक्का लागू नये म्हणून.