तावदानबाईंची लढाई

माझी आत्या काचवाली. खिडक्यांना, दारांना, दुकानांच्या दर्शनी भागांना काचा बसवून द्यायच्या, हा तिचा धंदा. एकतीस वर्षं तिनं तो केला आणि कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट ऐकवली, "पडणारी काच धरायची नाही. हात वर, पाय मागे. काच दुसरी मिळते." मलाही ऐकवली होती. मी तर फक्त तिचा डबा द्यायला गेले होते.

गेल्या वर्षी तिनंच धरली. माणसाहून उंच काच, तिनं स्वतः कापलेली, कडाही स्वतः घासलेल्या. दोरी सुटली, काच निसटली आणि बाईंनी हात पुढे केला. तेव्हापासून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. टाके निघाले तरी आत्या दुकानात गेली नाही. बोटांचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त तिला लाज खात होती. "आपलाच नियम जिला पाळता आला नाही, तिनं कुणाला काय शिकवायचं?" असं म्हणून तिनं दुकानाची चावी एका पाकिटात घातली. सोमवारी ती थोरल्या कारागिराला द्यायची आणि दुकानातून कायमचं बाहेर पडायचं, असं तिचं ठरलं. मी भांडले, रुसले, दोन दिवस अबोला धरला. बाई ढिम्म.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, आमचा दर रविवारचा पात्रांचा खेळ तिच्या घरी होता, कारण माझ्याकडे रंगकाम निघालं होतं. खेळणारे आम्ही तिघं. मी, औषधांच्या दुकानातला कंपाउंडर आणि चित्रकला शिकवणारे मास्तर. प्रत्येकानं कागदावर एक पात्र तयार करायचं. मास्तर गोष्ट सांगतात, आपण आपलं पात्र काय करतं ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. माझ्याकडे तलवार होती, कंपाउंडरकडे जादू. नुसत्या हातांनी लढणारं कुणी नव्हतं.

"बाई, बसता का? नुसत्या हातांनी लढणारं कुणीतरी हवंय," मास्तरांनी विचारलं.

"नुसत्या हातांनी? माझ्या?" आत्या हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. तरी खुर्ची ओढून बसली.

पात्राचं नाव तिनं लिहिलं, तावदान. वय एकसष्ट. उजवा हात निकामी. मग वाटायला तीस गुण मिळाले. ताकद तीन, कारण त्याहून कमी चालत नाही. बुद्धी तीन. "बुद्धी असती तर हात पुढे केला असता का?" बारा चपळाईला, बारा तोलाला.

कंपाउंडरनं कपाळाला हात लावला. "आत्याबाई, ही मारणार कशी?"

"मारायचं कशाला? मोठी काच घेऊन शिडीवर चढणारा माणूस कुणाला मारत नाही. तो फक्त पडत नाही."

मास्तर मान डोलावून खेळाचं पुस्तक चाळू लागले. नियमाच्या बाबतीत हा माणूस स्वतःच्या बापाला सोडणार नाही. पण बसत होतं सगळं नियमात.

गोष्ट अशी होती. एका जादूगारानं अख्खं गाव आरशात कोंडलेलं. तो आरसा एका लोखंडी राक्षसाच्या पाठीला बांधलेला, आणि राक्षस दरीवरच्या अरुंद पुलावर उभा. गावाला सोडवायचं होतं. आरसा शाबूत घेऊन यायचा, हे आम्ही आमच्या मनानंच धरून चाललो होतो.

अर्ध्या तासात आमची दाणादाण उडाली. माझी तलवार मोडली, कंपाउंडरची जादू संपली. राक्षस तावदानवर धावला.

"काय करता?" मास्तर म्हणाले.

"पुलाच्या कडेला उभी राहते. दरीकडे पाठ करून."

"आत्या, मरशील!" मी ओरडले.

"येऊ दे त्याला. अगदी जवळ आला की बाजूला होते. पाय आधी, अंग मागून."

"बारा चपळाई, बारा तोल. आठच्या वर पडलं तर वाचलात," मास्तर म्हणाले.

तिनं डाव्या हातानं फासा टाकला. तो बशीला आपटला, फिरला, थांबला. नऊ!

राक्षस आपल्याच वजनानं पुढे गेला आणि दरीत कोसळला. आम्ही टाळ्या पिटणार, तोच मास्तरांनी हात वर केला. "पट्टा तुटलाय. आरसा तावदानच्या हाताजवळून खाली चाललाय. धरता?"

"धर! धर!" आम्ही दोघंही किंचाळलो.

आत्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला स्वच्छ कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "पडणारी काच धरायची नाही. हात वर."

मास्तरांनी पुस्तकाचं पान आमच्यासमोर फिरवलं. त्यावर छापलेलं होतं, धरणारा आरशासकट दरीत. त्याखालची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली, "आरसा फुटताच कोंडलेलं गाव मोकळं होतं."

कंपाउंडर खुर्चीवर उभा राहिला. मास्तरांनी, त्या कडक माणसानं, पुस्तक मिटून आत्याला चक्क नमस्कार केला. आत्या हसत होती आणि रडतही होती. मी तिला मिठी मारली. मलाही रडू आवरेना आणि त्याची लाज वाटली नाही.

सोमवारी सकाळी थोरला कारागीर दुकानापुढे तोंड पाडून उभा होता. त्याला ती चावी नकोच होती. आत्यानं पाकीट फाडलं आणि कुलूप स्वतः उघडलं. टेबलावर काच आडवी घातली, डाव्या हातात कटर घेतलं. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरीला काच भलतीकडेच तडकली. तिसरी मात्र सरळ उतरली आणि काच टक् करून बरोबर रेघेवर सुटली. कारागीर एवढ्या जोरात ओरडला की समोरचा न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर आला.

त्याच आठवड्यात एक नवी बाई कामाला लागली. आत्यानं तिला समोर उभं केलं आणि आपला उजवा हात तिच्या पुढ्यात धरला, न मिटणारी दोन बोटं नीट दिसतील असा.

"पडणारी काच धरायची नाही," ती म्हणाली. "ही बघ, मी धरली होती."